बटणाचा रंग काही केल्या बदलत नाही (अँड्रॉइड, कोटलिन, एक्सएमएल लेआउट)

तिसरा_मजला_गिरगाव

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीसाठी एक छोटं अ‍ॅप करतोय. पहाटे नळाला पाणी आलं की ज्याला आधी कळेल त्याने बटण दाबायचं, लगेच बाकी सगळ्यांच्या फोनवर तेच बटण लालचं हिरवं व्हायला हवं. पाणी थोडाच वेळ असतं आणि खाली पिंपं भरायला लागली की वर धार बारीक होते, म्हणून सगळ्यांना एकदम कळणं फार गरजेचं आहे. निरोप पोचवायचं काम फायरबेस (गूगलची ऑनलाइन सेवा) करतंय, तिथे काही अडचण नाही. अडलंय ते रंगापाशी.

आधी लेआउटमध्ये (पडद्याची मांडणी लिहायच्या फाइलीत) 'अँड्रॉइड:बॅकग्राउंड' लिहून गोल कोपऱ्यांचा लाल ड्रॉएबल, म्हणजे आकार-रंगाची फाइल, दिला. कोपरे आले, रंग जांभळाच राहिला. मग ती ओळ काढून कोडमध्ये 'सेटबॅकग्राउंडकलर'ला 'आर.कलर.हिरवा' दिलं, तर बटण मळकट राखाडी झालं आणि मागचं थोडं आरपार दिसायला लागलं. थीम अँड्रॉइड स्टुडिओने दिलेली मटेरियल कॉम्पोनंट्सची (गूगलची तयार बटणं वगैरेंची लायब्ररी), तशीच ठेवली आहे. हे असं का होतंय?

परळ_कोडर

मित्रा, 'अ‍ॅप:बॅकग्राउंडटिंट'मध्ये रंग दे, होईल काम. कोपऱ्यांसाठी 'अ‍ॅप:कॉर्नररेडियस' आहे, ड्रॉएबल लागतच नाही.

स्वप्नाली_मुलुंड

वरचं उत्तर बरोबर आहे, पण का ते कळलं नाही तर पुढच्या बटणाला पुन्हा अडाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मटेरियल थीम असली की लेआउटमध्ये तुम्ही नुसतं 'बटन' लिहिलंत तरी प्रत्यक्षात 'मटेरियलबटन' तयार होतं. त्याची पार्श्वभूमी ते स्वतः रंगवतं आणि त्यासाठी टिंट, म्हणजे वरून चढवायचा रंग, घेतं थीममधल्या 'कलरप्रायमरी'चा (मुख्य रंगाचा). नव्या प्रोजेक्टमध्ये तो जांभळा असतो. तुमचा ड्रॉएबल लागला होता, कोपरे दिसले ते त्याचेच. पण त्याच्यावर जांभळा टिंट चढला आणि लाल रंग त्याखाली गेला. स्वतःचा ड्रॉएबल ठेवायचाच असेल तर 'अ‍ॅप:बॅकग्राउंडटिंट'ला '@नल' (म्हणजे काहीच नाही) द्या. हे मटेरियल लायब्ररीच्या १.२.० आवृत्तीपासून चालतं, त्याआधी 'अँड्रॉइड:बॅकग्राउंड' सरळ दुर्लक्षित व्हायचं. इंटरनेटवर जुनी उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध सापडतात त्याचं कारण हेच.

राखाडी रंगाचं कारण वेगळं आहे. 'आर.कलर.हिरवा' हा रंग नाही, रंगाचा ओळख क्रमांक आहे. अ‍ॅपमधल्या संसाधनांचे क्रमांक सोळाच्या पद्धतीत ७एफ ने सुरू होतात. 'सेटबॅकग्राउंडकलर' तो आकडा थेट रंग म्हणून वाचतं, पहिले दोन अंक पारदर्शकतेचे, म्हणजे २५५ पैकी १२७. उरलेले अंक बहुतेक शून्याजवळचे, म्हणजे जवळजवळ काळा. अर्धा पारदर्शक काळा पांढऱ्या पडद्यावर राखाडीच दिसणार. खरा रंग हवा तर 'कॉन्टेक्स्टकॉम्पॅट.गेटकलर'मधून काढून द्या.

पण दादा, तुमच्या जागी मी कोडमध्ये रंगाचं नावच घेतलं नसतं. 'रेस' फोल्डरमध्ये 'कलर' नावाचं फोल्डर करा आणि त्यात रंगांच्या 'सिलेक्टर'ची (बटणाच्या अवस्थेप्रमाणे रंग निवडणाऱ्या यादीची) एक फाइल ठेवा: 'स्टेट_एनेबल्ड' खोटं असेल तेव्हा फिकट राखाडी, 'स्टेट_अ‍ॅक्टिव्हेटेड' खरं असेल तेव्हा हिरवा, आणि शेवटी काहीच अट नसलेला लाल. क्रम महत्त्वाचा, कारण वरून खाली जाताना जी ओळ आधी जुळते तीच लागते. बिनअटीची ओळ वर गेली तर बाकीच्यांची पाळीच येत नाही. ही फाइल 'बॅकग्राउंडटिंट'ला जोडा. मग फायरबेसकडून खबर आली की कोडमध्ये एकच ओळ: 'बटण.इझअ‍ॅक्टिव्हेटेड = ट्रू'. पाणी आलंय एवढं कोडने सांगावं, कुठला रंग ते फाइलने ठरवावं. कोडमधून एकच रंग दिलात तर बटण बंद असतानाचा फिकटपणाही जातो, ते दाबता येत नाही हे कुणाला कळत नाही.

आणि एक मनापासून सांगते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक असतात, पुरुषांमध्ये जास्त. तुमच्या चाळीतही असू शकतात. रंगाबरोबर बटणावरचे शब्दही बदला, 'पाणी नाही' आणि 'पाणी आलं'. ज्यांना दिसत नाही त्यांना टॉकबॅक (अँड्रॉइडमधली पडदा वाचून दाखवायची सोय) शब्द वाचून दाखवतं, रंग नाही.

तिसरा_मजला_गिरगाव

ताई, झालं! सिलेक्टर जोडला, हिरवा लगेच आला. खालच्या मजल्यावरच्या आजींना शब्दच लागतील हे खरंच डोक्यात नव्हतं, ते आता घातले. धार बारीक झाली की नारिंगी करायचा विचार आहे. ती तिसरी अवस्था कशी दाखवू? आणि बऱ्याच जणांचे फोन डार्क मोडवर असतात, त्यांच्याकडे हिरवा फार डोळ्यांवर येतो.

स्वप्नाली_मुलुंड

तिसरीसाठी 'स्टेट_सिलेक्टेड' वापरा आणि नारिंगीची ओळ हिरव्याच्या वर ठेवा, कारण धार बारीक असताना अ‍ॅक्टिव्हेटेडही खरंच असणार. पाणी गेलं की मात्र दोन्ही खोटं करा. नारिंगीवर पांढरी अक्षरं ठेवू नका. मटेरियलच्या नेहमीच्या नारिंगीवर पांढऱ्याच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण जेमतेम २.२ ला १ येतं, सुलभतेच्या निकषात साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतं. काळी अक्षरं तिथे साडेनऊच्या वर जातात. अक्षरांच्या रंगालाही असाच सिलेक्टर चालतो, 'अँड्रॉइड:टेक्स्टकलर'मध्ये जोडा.

परळ_कोडर

डार्क मोडसाठी 'व्हॅल्यूज-नाइट' फोल्डर कर आणि त्यात 'कलर्स.एक्सएमएल'मध्ये तेच नाव, मंद हिरवा दे. सिलेक्टरमध्ये हेक्स (रंगाचा सोळाच्या पद्धतीतला आकडा) लिहिलं असशील तर काढून रंगाचं नाव लिही, नाहीतर रात्रीचा रंग लागणारच नाही. लावून झालं की पहाटेच्या अंधारात एका जुन्या फोनवर तपासून बघ. एमुलेटरवरचा (संगणकातल्या नकली फोनवरचा) हिरवा आणि स्वस्त स्क्रीनवरचा हिरवा यात खूप फरक पडतो.