आतलं मशीन रांगतंय? आधी सीपीयू तपासा

एकाची तक्रार आहे की व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाच्या) आत तसंच दुसरं मशीन सुरू होतं, पण रॅम वाढवूनही ते रांगतच चालतं. माझ्या मते रॅमचा इथे दोष नाही. मधल्या मशीनमध्ये, म्हणजे खऱ्या संगणकावर चालणाऱ्या पहिल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, सीपीयूची माहिती बघा: इंटेलवर व्हीएमएक्स, एएमडीवर एसव्हीएम हा फ्लॅग (सीपीयू व्हर्च्युअल मशीन थेट चालवू शकतो याची खूण) दिसतोय का? नसेल तर क्यूएमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) आतल्या मशीनची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून चालवतोय.

खऱ्या संगणकावर केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) असेल तर मधल्या मशीनचा सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू करा, म्हणजे खरा सीपीयू आत जसाच्या तसा दिसेल, आणि ते पूर्ण बंद करून चालू करा. मी नुसतं रीबूट करत राहिलो आणि अख्खी संध्याकाळ गेली. लिनक्स ४.२० पासून इंटेलवर नेस्टेड (मशीनच्या आत मशीन चालवायची) सुविधा मुळातच चालू असते. त्याआधीच्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ती हाताने चालू करावी लागते.

एवढं करूनही थोडा मंदपणा राहणारच. आतल्या मशीनमधून बाहेर पडणारं नियंत्रण आधी सर्वांत खालच्या, खऱ्या संगणकावरच्या हायपरव्हायझरकडे (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जातं, तो ते मधल्याकडे सोपवतो, आणि मधला ते हाताळताना स्वतःच पुन्हा खाली येऊ शकतो. म्हणून डिस्क आणि नेटवर्कला जास्त फटका बसतो, निव्वळ आकडेमोडीला कमी. आतल्या मशीनलाही व्हर्टआयओ ड्रायव्हरच (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेले डिस्क-नेटवर्कचे ड्रायव्हर) द्या.