आजोबांनी पोर्ट सैदहून आणलेला शेणकिडा: कुणाचं नाव आहे यावर?

कोयंडा:
आजोबा मालवाहू बोटीवर आगवाला होते. सुएझमधून जाताना पोर्ट सैदला होड्या बोटीला लागायच्या, टोपली दोरीने वर यायची. तसा हा किड्याच्या आकाराचा मणी घेतलेला. आजीने देवघरात येऊ दिला नाही ("शेणातला किडा कसला पुजायचा!"), म्हणून तो सुपारीच्या डबीत. जेमतेम दीड सेंटीमीटर, हिरवट, लांबीतून आरपार भोक. पोटावर वर गोल, मध्ये फणीसारखं काही, खाली परत किडा. आजोबा म्हणायचे, राजाचा शिक्का आहे. खरंच, की गंडवलं त्यांना?

ढवळगंगा:
राजाचंच नाव आहे. गोल म्हणजे सूर्य, 'रे'. फणी म्हणजे सोंगट्या मांडलेला पट, 'मेन'. किडा 'खेपर'. देव म्हणून सूर्य आधी लिहायचा, वाचायचा शेवटी: मेन-खेपर-रे. हा इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस, इ.स.पू. १४७९ ते १४२५.

पण त्यावरून वय ठरत नाही. तो गेल्यावर शेकडो वर्षं लोक हे नाव किड्यांवर कोरत होते, नावाचाच ताईत झाला होता. आणि नकला करणाऱ्यांचंही हे लाडकं नाव.

आजींना सांगा, पुजायचे ते शेण नव्हे. गोळा ढकलणारा किडा म्हणजे सूर्य ढकलणारा खेप्री, सकाळचा सूर्य. गोळ्यातून पिल्लं निघतात म्हणून तो आपोआप जन्मतो असं जुन्या इजिप्तच्या लोकांना वाटे. 'खेपर' म्हणजे होणे, घडणे.

बोरूबहाद्दर:
राजांचे किडे म्हटले की मला तिसरा अमेनहोतेप आठवतो. थुतमोसचा पणतू. त्याने तळहाताएवढे किडे काढून पोटावर चक्क बातम्या कोरल्या. पहिल्या दहा वर्षांत स्वतःच्या बाणांनी १०२ सिंह मारले, ही एक. राणी तिये, तिच्या आईबापांची नावं, ही दुसरी. दहाव्या वर्षी मितन्नी राज्याची राजकन्या गिलुखेपा ३१७ बायकांसह आली, ही तिसरी. (हेच ते मितन्नी, ज्यांच्या पुढच्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र साक्षीला आहेत.) अकराव्या वर्षी तियेसाठी ३,७०० हात लांब तळं. असे दोनशेच्या वर किडे सापडलेत. आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्याने दगडी काढले, एवढाच फरक! सिंहांचा आकडा मात्र मला फुगवलेला वाटतो.

ढवळगंगा:
कोयंडा, कडेने भिंग फिरवा. खरे बरेचसे शंखजिऱ्यात कोरून, झिलई चढवून भाजलेले असत. भाजल्यावर तो मऊ दगड कडक होतो. कोरलेल्याला साच्याच्या जोडाची रेघ नसते.

कोयंडा:
रेघ आहे. पूर्ण भोवती. भोकाच्या तोंडाशी बुडबुडेही दिसतात.

आईला सांगितलं. म्हणाली, आजी बरोबरच होती म्हणायची. मग परत डबीत ठेवला, सुपारी काढून.