दोन घोड्यांचा बचाव: डी-५ वरचे प्यादे परत घ्यावे का?

प्रश्न
नमस्कार. माझी दहा वर्षांची मुलगी जिल्हा बुद्धिबळ निवड स्पर्धेच्या चौथ्या फेरीत ‘दोन घोड्यांचा बचाव’ ही सुरुवात खेळून काळ्या मोहऱ्यांनी अवघ्या दहा चालींत हरली. पांढऱ्याचा उंट सी-४ या घरावर असताना तिने घोडा एफ-६ वर आणला, लगेच पांढऱ्याचा घोडा जी-५ वर आला, म्हणून तिने डी-५ वर प्यादे पुढे करून उंटाची वाट अडवली आणि ते मारून तिथे आलेले पांढऱ्याचे प्यादे पाचव्या चालीला घोड्याने परत घेतले. समोरच्याने एफ-७ वर घोडा दिला, तिच्या राजाने तो मारला आणि एफ-३ वरून वजिराचा शह येताच तिने राजा जी-८ वर नेला. चालींच्या कागदावर तिथपासून अक्षर लागत नाही. तिने काय खेळायला हवे होते?

उत्तर १
राजा जी-८ वर गेला की डी-५ वरच्या घोड्याला एकट्या वजिराचा आधार उरतो. त्यामुळे उंटाने तो घोडा मारून पुढे थेट मात होते. सातव्या चालीला राजा ई-६ वरच हवा, परंतु उघड्या पटावर तो सांभाळणे मोठ्यांनाही जड जाते. म्हणून चूक मी पाचव्या चालीतच धरतो. तिथे सी-६ वरचा घोडा ए-५ वर नेऊन उंटावर हल्ला करावा. उंटाने बी-५ वरून शह दिला की सी-६ वर प्यादे पुढे करावे. प्यादे जाते, पण उंटाला माघार घ्यावी लागते आणि काळ्याची मोहरी भराभर बाहेर पडतात. रशियन खेळाडू चिगोरिन यांनी तेव्हाचे जगज्जेते स्टाइनिट्झ यांच्याविरुद्ध १८९०-९१ मध्ये तारेने खेळलेला डाव याच मार्गाने जिंकला. तो तिच्यासोबत पटावर मांडून पाहावा.

उत्तर २
वरील सल्ला बरोबर आहे, तरी एक प्यादे कमी घेऊन शांतपणे खेळणे या वयात अवघड असते. तोवर तिने तिसऱ्या चालीला उंट सी-५ वर आणावा. मग जी-५ वर आलेला घोडा काळा वजीर फुकट मारतो, कारण एफ-६ वर त्याची वाट अडवणारा घोडाच नसतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री पट मांडला. ए-५ चा घोडा तिला काठावर एकटा पडल्यासारखा वाटला, मात्र उंट मागे हटलेला पाहून तिने तीच चाल पुन्हा मांडायला लावली.