शब्दचर्चा : गूढ शब्दकोड्यात काना-मात्रा सुटे हलवता येतात का?

विचारणा

गूढ (क्रिप्टिक) शब्दकोडी सोडवायला नुकतीच सुरुवात केली आहे. दोन शोधसूत्रांवर अडले आहे. पहिलं : 'दिवसामागून हत्ती, पंढरीला जाणारा (४)'. उत्तर वारकरी हे अंदाजाने आलं, पण त्यात हत्ती कुठे आहे? दुसरं : 'झाडावर उड्या मारणारा बिथरलेला नवरा (३)'. याचं उत्तर वानर असं दिलं होतं. मला हे पटत नाही. अक्षरं कुठे जुळतात? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, हत्ती 'करी'मध्ये आहे. कर म्हणजे हात, आणि सोंड हाच हत्तीचा हात, म्हणून तो करी. आधी वार, त्याच्या मागून करी. असे लहान संस्कृत शब्द कोडेकारांना फार लागतात, तेव्हा हाताशी असू द्या : साप आला की अहि किंवा नाग, राजा आला की नृप किंवा भूप. यातले काही दुहेरी चालतात. भूप हा रागही आहे आणि नाग म्हणजे संस्कृतात हत्तीसुद्धा.

शोधसूत्रात एक व्याख्या असते, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, आणि बाकीचा शब्दखेळ. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. व्याख्या बहुतेक वेळा एका टोकाला बसते, सुरुवातीला नाहीतर शेवटाला. इथे 'पंढरीला जाणारा' ही व्याख्या. ती आधी ओळखली की उरलेल्या शब्दांकडून नेमकं काय काढायचं ते कळतं.

आता वानर. 'बिथरलेला' ही 'नवरा'ची अक्षरं उलटीपालटी करण्याची खूण. तुमची शंका रास्त आहे. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. पुस्तक तीन घरांत बसतं, 'स्त'ची दोन घरं होत नाहीत. मग उलथापालथ करायची तीही पूर्ण अक्षरांचीच. 'विकता' घ्या : वि, क, ता. हीच तीन अक्षरं जागा बदलून 'कविता' होतात, एकाही वेलांटीला धक्का लागत नाही. 'हालवून विकता येईल अशी रचना (३)' असं सूत्र कुणी दिलं तर माझी तक्रार नाही. नवऱ्यात मात्र न, व, रा आहेत आणि वानरात वा, न, र. सोडवणाऱ्याने नवऱ्यातला 'रा' तसाच धरला असेल तर तो शेवटपर्यंत चुकीच्या वाटेने जाईल. हे सूत्र सदोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद

थोडा असहमत. इंग्रजीत प्रत्येक स्वर सुटा हलतो. आपण काना जखडून ठेवला तर मराठीत उलथापालथीचे शब्द फारच थोडे उरतील. आणि अक्षरं उलटीपालटी करायची सवय आपल्याला वाल्या कोळ्यापासून आहे!

प्रतिसाद

वाल्याचंच उदाहरण बघू या, कारण ते माझ्या बाजूचं आहे. तो 'मरा मरा' म्हणत राहिला आणि त्याचं राम राम झालं. म, रा उलटे झाले तेव्हा काना 'र'ला सोडून गेला नाही, 'रा' अख्खा पुढे आला. राधा उलटली की धारा होते, नदी उलटली की दीन, लता उलटली की ताल. कान आपसूकच असं ऐकतो. शब्द थोडे मिळतात हे खरं, पण जे मिळतात ते चोख असतात.

काना हलवायचाच असेल तर तसं सांगून हलवा. 'नवरा बिथरला, कानाही जागचा हलला : झाडावर उड्या मारणारा (३)' हे मी आनंदाने मान्य करेन. ब्रिटनमधल्या 'अफ्रित' या कोडेकाराने १९४९मध्ये सांगितलेला नियम अजून मानला जातो. त्याचा आशय असा : कोडेकार जे म्हणतो ते त्याच्या मनात असलंच पाहिजे असं नाही, पण मनात आहे ते शब्दांत उतरलंच पाहिजे.

एक अडचण मात्र खास आपली आहे, सामान्यरूपाची. जो शब्द ढवळायचा तो सूत्रात मूळ रूपातच हवा. 'बिथरलेल्या नवऱ्याने' असं लिहिलं की 'रा'चा 'ऱ्या' झाला, आणि ढवळायला चुकीची अक्षरं हाती आली. समानार्थी शब्दाला ही अट नाही. 'दिवसामागून' चालतं, कारण तिथे दिवस काढून वार ठेवायचाच आहे.

प्रतिसाद

नदीवरून एक शंका. 'नदी उलटली की उगवतो (२)' याचं उत्तर मी 'दिन' लिहिलं होतं.

प्रतिसाद

'नदी'तली वेलांटी दीर्घ आहे, तेव्हा उत्तर दीनच, म्हणजे गरीब. दिन ऱ्हस्व. बोलताना फरक फारसा ऐकू येत नाही, पण घरात लिहिताना तो पाळायलाच हवा. त्यामुळे 'उगवतो' ही व्याख्या कोडेकाराची चूक आहे, तुमची नव्हे.

व्याख्येतली अशी ढिलाई मला शब्दखेळातल्या ढिलाईपेक्षा जास्त खुपते. 'वेल उलटी फिरवली की लय सापडते (२)', उत्तर ताल, असं एक सूत्र वाचनात आलं होतं. लता-ताल हा भाग सुरेख, पण लय म्हणजे ताल नव्हे. एकाच तीनतालात विलंबित लयही असते आणि द्रुतही. 'वेल उलटी फिरवली तर तबलजी धरतो' एवढं केलं की सूत्र निर्दोष होतं.

अशा खेळाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अंतर्लापिका म्हणजे प्रश्नाच्याच अक्षरांत उत्तर दडवलेली रचना. एका प्रसिद्ध श्लोकाचा शेवटचा चरण पाहा : 'कं बलवन्तं न बाधते शीतम्', कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? पहिले दोन शब्द जोडून वाचा. कंबलवन्तं, म्हणजे ज्याच्याजवळ कांबळं आहे त्याला. अक्षर न अक्षर तेच, फक्त तोडायची जागा बदलली. त्याच श्लोकात 'का शीतलवाहिनी गङ्गा' हाही प्रश्न आहे. तो जोडून वाचलात की गंगा कुठल्या गावावरून वाहते ते कळेल.

आता सरावाला तीन सूत्रं देतो. तिन्हींत मात्रा जागच्या जागी आहेत.

पहिला सूर, मग चांदणी : कंदी पेढ्यांचं गाव (३)

श्रीखंडावर पेरावी, मैफलीत ऐकवावी (३)

सरकार वीज देतं त्यात दडलेला सूर्य (२)

उत्तराबरोबर फोडही लिहा. नुसतं उत्तर अंदाजानेही येतं.