शब्दचर्चा: नागीण, तिचा विळखा आणि मागे उरणारं दुखणं

दीड महिन्यापूर्वी आईला नागीण उठली. उजव्या बरगडीखाली, पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा. शेजारच्या काकूंनी बजावलं, "दोन्ही तोंडं जुळू देऊ नका, जुळली की माणूस वाचत नाही." मग गेरूचा लेप, उतरवणाऱ्याचा शोध, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. आता खपल्या गळून गेल्या, डाग फिके झाले, पण दुखणं आहेच. सकाळी 'भगभगतंय', रात्री 'सणका येताहेत', पदर नुसता घासला तरी 'चुरचुरलं'. या उरलेल्या दुखण्याला मराठीत शब्द आहे का? आणि नागीणच का म्हणतात?

शब्दवेडी:
फोड रांगेने सरकत जातात म्हणून. गंमत म्हणजे नागिणीच्या डॉक्टरी नावातल्या, 'हर्पीस झोस्टर'मधल्या, 'हर्पीस'चा ग्रीक अर्थही सरपटणं, आणि तो धातू आपल्या संस्कृत 'सृप्'चा सख्खा भाऊ. सर्प, विसर्प, हर्पीस ही एकाच कुळातली मंडळी! कन्नडात 'सर्पसुत्तु', म्हणजे सापाचा वेढा. स्पॅनिशमध्ये 'कुलेब्रीया', छोटा साप. दुसरी प्रतिमा पट्ट्याची: 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा, इंग्रजी 'शिंगल्स' हा लॅटिन 'सिंग्युलम'वरून, तोही पट्टाच. हिंदी पट्ट्यात हिला 'जनेऊ' म्हणतात, जानव्यासारखी तिरकी येते म्हणून. सुश्रुताने क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, 'कक्षा' सांगितली आहे: दंड, कूस, खांदा, काख इथे येणारे काळपट, वेदनादायक फोड. ते वर्णन नागिणीशी बरंच जुळतं. 'विसर्प' मात्र नागिणीला वापरू नये. तो हल्ली धावरं या कातडीच्या वेगळ्या रोगासाठी रूढ आहे आणि धावरं जीवाणूंमुळे होतं, नागीण विषाणूमुळे.

त्वचेचा डॉक्टर:
शब्द सुंदर आहे, पण त्यातल्या विळख्याने फार नुकसान केलंय. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, विषाणू मात्र जात नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या तंतूवाटे कातडीवर येतो. होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरने १९६५ मध्ये हे सगळं नीट मांडलं. मणक्यातून निघणारा प्रत्येक तंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, म्हणून पट्टा साधारणपणे मध्यरेषेवर थांबतो. तोंडं जुळायला वाटच नाही. क्वचित दोन्ही बाजूंना उठली तर प्रतिकारशक्ती तपासावी लागते, पण जुळण्याने कुणी मरत नाही. भीती बाळगायचीच तर उशिराची बाळगा. असायक्लोविरसारखं विषाणूला रोखणारं औषध पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झालेलं उत्तम. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आणखी एक, वापराबद्दल. 'त्यांच्यामुळे मला नागीण लागली' असं लोक म्हणतात. नागीण उठते, लागत नाही. फोडांतल्या पाण्यातून लागू शकतात त्या कांजिण्या, त्याही ज्याला पूर्वी झाल्या नसतील त्याला. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकावेत, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून जपावं. नातवंडांना वर्षभर दूर ठेवण्याचं काही कारण नाही.

शब्दवेडी:
उरलेल्या दुखण्याला 'सल' कसा वाटतो? काटा निघाल्यावरही राहतो तो. 'नागिणीचा सल'.

त्वचेचा डॉक्टर:
चांगला आहे. फक्त ९० दिवसांच्या पुढे टिकलं तरच आम्ही त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतो. तुमच्या आईंचे अजून तेवढे दिवस झालेले नाहीत, बरंचसं आपोआप ओसरेल. पण सोसत बसू नका. जखमी तंतू खोटे निरोप धाडत राहतो, त्यावर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. प्रीगॅबलिन, गॅबापेंटिन यांसारखी वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. आणि त्यांना भगभग, सणक, चुरचुर हे तिन्ही शब्द जसेच्या तसे सांगा. 'दुखतंय' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
आईला सगळं वाचून दाखवलं. विळख्याचं ऐकून तिने दोनदा विचारलं, "नक्की ना?" दीड महिना ती रोज आरशात पट्ट्याची टोकं बघत होती, हे मला आज कळलं. 'सल' तिला पटला नाही. म्हणाली, "सल मनाला असतो गं. ही धग आहे. चूल विझवली तरी भिंत तापलेली राहते ना, तशी."