शब्दचर्चा : 'प्रादेशिक हक्क' की आणखी काही?

फणसपोळी
कोरियन मालिका आपल्याकडच्या ओटीटीवर कशा येतात, यावरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. लेखकाने 'अमुक कंपनीने मालिकेचे प्रादेशिक हक्क विकत घेतले' असं जागोजागी लिहिलंय. वाचताना मला दर वेळी मराठी-तमिळ डबिंगच आठवतं. आपल्याकडे प्रादेशिक म्हटलं की प्रादेशिक भाषा, प्रादेशिक चित्रपट, प्रादेशिक पक्ष. इथे मात्र जगाच्या नकाशाचे तुकडे अभिप्रेत आहेत: जपान वेगळं, आग्नेय आशिया वेगळा, भारत वेगळा. 'विकत घेतले' हेही खटकतंय. काय लिहावं?

झाडीपट्टी
'क्षेत्र' घ्या. किंवा सरळ 'टेरिटरी'. हिंदी सिनेमाच्या धंद्यात तो शब्द कित्येक दशकं चालतोय. त्या नकाशात विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये, मराठवाडा 'निझाम'मध्ये आणि पुणे-नाशिक गुजरातसकट 'बॉम्बे टेरिटरी'त. राज्य एक, सिनेमाचे वितरक तीन. मध्य प्रांत गेला, निजामही गेला, धंद्याचा नकाशा तसाच राहिला. 'एमजी', म्हणजे चालो न चालो निर्मात्याला मिळणारी किमान रक्कम, हीसुद्धा तिथलीच भाषा. ओटीटीवाल्यांनी नवं काही शोधलेलं नाही.

सोळावा भाग
फणसपोळीताई, शब्दाआधी व्यवहार बघू या. 'हक्क घेतले' या दोन शब्दांखाली बरीच वेगवेगळी प्रकरणं दडपली जातात.

'स्क्विड गेम' (२०२१) घ्या. पैसा नेटफ्लिक्सचा, मालिकाही नेटफ्लिक्सची. तिथे प्रदेशाचा प्रश्नच उरत नाही. एकाच दिवशी जगभर लागली. ती तुफान चालल्यावर कोरियात वाद झाला तोही याचाच, की मालकी हातची गेली की वरकड नफ्यातला वाटाही गेला.

'क्रॅश लँडिंग ऑन यू'चं तसं नाही. ती स्टुडिओ ड्रॅगनची निर्मिती, डिसेंबर २०१९ पासून टीव्हीएन या केबल वाहिनीवर शनिवार-रविवारी दाखवली गेली. कोरियाबाहेर ती नेटफ्लिक्सवर आली. आधी वाहिनी आणि जाहिरातदार, त्यावर परदेशी परवान्याची रक्कम, अशी त्या खर्चाची जुळवाजुळव असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टुडिओ ड्रॅगन आणि तिची मातृसंस्था सीजे ईएनएम यांनी नेटफ्लिक्सशी तीन वर्षांचा करारच केला, स्टुडिओचे ४.९९ टक्क्यांपर्यंत समभाग घेण्याची मुभाही त्यात होती. अशा मालिकांवरही 'नेटफ्लिक्स ओरिजिनल'चा शिक्का दिसायचा. त्याचा अर्थ 'आम्ही बनवली' असा नव्हे, 'तुमच्या देशात आमच्याखेरीज कुणाकडे नाही' एवढाच. या शिक्क्यावर खरं तर वेगळा धागा हवा.

तिसरा नमुना मला सगळ्यात आवडतो: 'एक्स्ट्राऑर्डिनरी अॅटर्नी वू' (२०२२). निर्माती कंपनी एस्टोरी. तिने आधी नेटफ्लिक्ससाठी 'किंगडम' केली होती, तेव्हा मालकी सोडणं म्हणजे काय हे ठाऊक होतं. 'वू'च्या वेळी मूळ मालकी स्वतःकडे ठेवली, कोरियात ईएनए या तोवर फारशा कुणाला माहीत नसलेल्या वाहिनीवर मालिका लावली आणि नेटफ्लिक्सला फक्त स्ट्रीमिंग दिलं. तुमच्या लेखकाने या तिन्हींना 'विकत घेतले' म्हटलं, तर वाचकाला काय कळणार?

आणि तुकडे पडतात ते असे: 'रीबॉर्न रिच' (२०२२) आग्नेय आशियात 'व्ह्यू' या ओटीटीवर, इतर बऱ्याच देशांत 'विकी' या दुसऱ्या ओटीटीवर. केबीएस, एमबीसी, एसबीएस या तीन मोठ्या वाहिन्यांनी मिळून २०१७ मध्ये 'कोकोवा' हे ओटीटी काढलं ते सुरुवातीला अमेरिका खंडापुरतंच. म्हणून न्यू जर्सीतली मावशी एखादी मालिका सुचवते आणि ठाण्यात ती सापडत नाही. तुम्ही कुठे बसून बघता ते मोजलं जातं, पासपोर्ट कुठला आहे ते नव्हे.

कलमवाला
मग यासाठी शब्द तयार आहे की. मक्ता! आमच्या रत्नागिरीकडे आंब्याची बाग मोसमापुरती दुसऱ्याला देतात. झाडं मालकाची, फळ घेणाऱ्याचं, मुदत संपली की संबंध संपला. त्या मोसमात मालकानेही फळाला हात लावायचा नाही. 'भारताचा मक्ता नेटफ्लिक्सकडे' असं लिहिलं की प्रदेश, मुदत आणि 'इतर कुणाला नाही' हे तिन्ही आलं.

कलम एकोणीस
मक्ता छान आहे, पण सगळेच परवाने अनन्य नसतात. एकाच देशात एक मालिका दोन ठिकाणी दिसते, तेव्हा मक्ता कुणाचा?

शिवाय 'मक्तेदारी'मुळे त्या शब्दाला वास लागलाय. 'परवाना' म्हणा. सरकारी मराठीत 'अनुज्ञप्ती' आहे आणि मालकीच हस्तांतरित होते त्याला 'अभिहस्तांकन', पण ते शब्द दिवाळी अंकात घातलेत तर वाचक पान उलटेल.

कायद्यातली एक गंमत मात्र इथे कामाची आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ सांगतं की करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा. कलम ३०-क नुसार हे परवान्यालाही लागू. म्हणजे 'किती काळ' आणि 'कुठे' ही परवान्याची हाडंच आहेत. 'हक्क विकत घेतले' या वाक्यात दोन्ही गायब.

सोळावा भाग
अगदी! आणि त्यामुळेच 'नेटफ्लिक्सने लोकप्रिय मालिका हटवली' या बातम्या वाचून चिडायला होतं. बहुतेक वेळा कुणी काही हटवलेलं नसतं, मुदत संपलेली असते आणि नूतनीकरण झालेलं नसतं. मालिका मग दुसरीकडे उगवते.

एक अवांतर. परदेशी खरेदीदाराच्या अटी मालिका कशी बनते तेही बदलतात. कोरियात चित्रीकरण आणि प्रक्षेपण बरोबरीने चालवायची जुनी सवय. प्रेक्षकांचा कल बघून कथा वळवायची. 'डिसेंडंट्स ऑफ द सन' (२०१६) चीनमध्ये आयचीयी या तिथल्या ओटीटीवर कोरियाबरोबरच दाखवायची होती आणि तिथल्या नियमांनुसार संपूर्ण मालिका आधी मंजुरीला द्यावी लागे. म्हणून सगळे १६ भाग प्रक्षेपणाआधीच तयार झाले. त्याच वर्षी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून दोन्ही देशांत बिनसलं आणि चीनची बाजारपेठ कोरियन मालिकांना जवळपास बंद झाली. एक मोठं 'क्षेत्र' रात्रीत गेलं म्हणा ना.

झाडीपट्टी
डबिंगचं काय ते राहिलं. हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका एमएक्स प्लेअरवर आल्या होत्या. त्या परवान्यात देशाबरोबर भाषाही ठरलेली असणार. त्यासाठी 'भाषाहक्क' असा वेगळा शब्द ठेवला, तर 'प्रादेशिक'चा घोळच मिटतो.

फणसपोळी
भाषाहक्क घेतला! लेखकाला असं सुचवतेय: देशांची वाटणी सांगताना 'देशनिहाय परवाने', डबिंगपुरतं 'भाषाहक्क', आणि 'विकत घेतले' फक्त 'स्क्विड गेम'सारख्या ठिकाणी. तिथेही खरं तर 'मालकी घेतली' बरं. 'मक्ता' अनन्य परवान्याच्या मथळ्यात वापरायचा मोह होतोय.

कलम एकोणीस
मथळ्यात चालेल. पण 'देशनिहाय' थोडं अडेल, कारण आग्नेय आशियाचा परवाना बहुधा एकगठ्ठा जातो आणि तो काही देश नव्हे.

फणसपोळी
मग 'क्षेत्रनिहाय'. झाडीपट्टी जिंकले. आता 'विंडो'ला, म्हणजे मालिका दाखवायच्या ठरलेल्या काळाला, काय म्हणू ते सांगा. लेखकाने 'खिडकी' लिहिलंय.

कलमवाला
मुदत हो, मुदत. खिडकी बंद करा.