जेफरसन आणि १८०७ची व्यापारबंदी

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन म्हटलं की लुईझियाना खरेदीवर, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या विशाल प्रदेशावर, भरपूर लिहिलं जातं. पण जेफरसनचं मूल्यमापन करताना १८०७ची व्यापारबंदी वगळून कसं चालेल? जून १८०७मध्ये ब्रिटिशांच्या ‘लेपर्ड’ या युद्धनौकेने अमेरिकी युद्धनौका ‘चेसापीक’वर तोफा डागल्या आणि चार खलाशी पकडून नेले. देशात युद्धाची मागणी पेटली. जेफरसनला युद्ध टाळून व्यापाराच्या मार्गाने ब्रिटनवर दबाव आणायचा होता, म्हणून डिसेंबरात अमेरिकी जहाजांना परदेशी जायलाच बंदी झाली. अर्थमंत्री गॅलाटिनने आधीच बजावलं होतं की कायमच्या बंदीपेक्षा युद्ध परवडलं.

कायद्यात मोठी फट होती. किनाऱ्या-किनाऱ्याने मालवाहतूक चालू होती. जहाज नि माल यांच्या दुप्पट किमतीचा जामीन भरायचा आणि निघायचं. मग ‘वादळाने भरकटलो’ म्हणत जहाजं थेट परदेशी बंदर गाठत. शॅम्प्लेन सरोवरातून लाकडाचे तराफे कॅनडात जात ते वेगळेच. निर्यात १० कोटी ८० लाख डॉलरवरून १८०८मध्ये सुमारे २ कोटी २० लाखांवर आली. ब्रिटनला मात्र दक्षिण अमेरिकेची बाजारपेठ मिळाली. मरण झालं ते अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या बंदरांचं.

सर्वात खटकतं ते हे, की केंद्राचे अधिकार मर्यादित ठेवा म्हणणाऱ्याच माणसाने जानेवारी १८०९मध्ये झडती-जप्तीचे कडक अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. १ मार्चला, पद सोडायच्या तीन दिवस आधी, बंदी उठवण्यावरही त्यालाच सही करावी लागली.